लॉग होममध्ये टाइलची कड दर हिवाळ्यात उघडते : खरं कारण आणि टिकणारा उपाय

लॉग होम म्हणजे आडव्या रचलेल्या ओंडक्यांच्या भिंतींचं घर. तिथली टाइलची तक्रार सगळीकडे जवळपास सारखीच असते. बाथरूममध्ये किंवा ओट्यामागे टाइल लावली, ती जिथे ओंडक्यांच्या भिंतीला भिडते तिथे ग्राउट (टाइलच्या सांध्यात भरायचा सिमेंटचा मसाला) भरलं, काम देखणं झालं. पहिल्या हिवाळ्यात त्या रेषेत केसाएवढी भेग दिसते. ती भरून घेतली, तर पुढच्या हिवाळ्यात ग्राउटचे तुकडे खाली पडलेले. मग कुणीतरी सिलिकॉन भरायला सांगतं. ते काही महिने टिकतं आणि मग एका बाजूने सुटून तिरकं फाटतं. शेवटी वरच्या ओळीतली एखादी टाइल मधोमध तडकते आणि मिस्त्रीला फोन जातो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आतल्या भागात, हंड्रेड माइल हाउस या गावाच्या आसपास, हाताने घडवलेली लॉग होम पुष्कळ आहेत. व्हँकूवरकडची माझ्या ओळखीतली काही मराठी कुटुंबं या बाजूला अशी घरं घेतात, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षात त्यांचा हाच प्रश्न येतो. आपण विटा-काँक्रीटच्या घरांत वाढलो. तिथे टाइल भिंतीला टेकवायची, सांधा पांढऱ्या सिमेंटने भरायचा, की विषय संपला. भिंत हलत नाही, म्हणून ते काम टिकतं. इथे भिंतच खाली येत असते. त्यामुळे मिस्त्रीने सांधा नीट भरला नाही हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा निघतो. सांधा उत्तम भरलेला असतो, पण तिथे तो भरायलाच नको होता.

उपायाचं सूत्र आधीच सांगतो. ही कड भरायची नसते, झाकायची असते. टाइल आपल्या जागी स्वतंत्रपणे संपवायची, ओंडके तिच्या शेजारून मोकळेपणाने सरकू द्यायचे, आणि मधली फट झाकणारी पट्टी दोहोंपैकी एकाच बाजूला बसवायची. दोन्ही बाजूंना जोडलेली कुठलीही वस्तू, मग ते ग्राउट असो, खिळा असो की धातूची पट्टी, आज ना उद्या तुटणार किंवा काहीतरी तोडणार.

भिंत किती खाली येते

लाकूड आडवं आकसतं, उभं जवळजवळ आकसत नाही. ओल्या लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की आकसणं सुरू होतं. डग्लस फर पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने साडेसात टक्क्यांच्या आसपास आणि गाभ्याकडून सालीकडे पाच टक्क्यांच्या आसपास आकसतो. लांबीत मात्र ०.१ ते ०.२ टक्केच. भिंतीत ओंडके आडवे रचलेले असतात, म्हणजे प्रत्येक ओंडका नेमका भिंतीच्या उंचीच्या दिशेनेच बारीक होत जातो. त्यात वरच्या छपराच्या वजनाने सांधे दबतात, त्याची भर.

ओल्या ओंडक्यांच्या घरासाठी इथले बांधणारे दर फुटाला पाऊण इंच धरतात, म्हणजे सुमारे ६ टक्के. ८ फुटी भिंत तब्बल ६ इंच खाली येऊ शकते. आधी वाळवलेल्या किंवा थर चिकटवून केलेल्या ओंडक्यांचा आकडा यापेक्षा बराच कमी असतो. तो बांधणाऱ्याकडून लेखी घ्यावा, अंदाजाने धरू नये. बहुतेक उतार, म्हणजे भिंतीचं हे खाली येणं, पहिल्या काही हिवाळ्यांत होतो, कारण घरात हीटिंग सुरू झाल्यावरच लाकूड खऱ्या अर्थाने वाळायला लागतं. घर बांधून दोन वर्षं झाली पण त्यात कुणी राहत नव्हतं, हीटिंग नव्हतं, तर ती दोन वर्षं फारशी धरू नका.

आता टाइलकडे पाहा. टाइल सिमेंट बोर्डावर, बोर्ड स्टडवर (भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडी पट्ट्यांवर), स्टड जमिनीवर. स्टड उभे असल्यामुळे त्यांची उंची तेवढीच राहते. म्हणजे एकाच खोलीत एक भिंत खाली सरकते आहे आणि तिला चिकटलेली दुसरी जागची हलत नाही. माझ्या मते लॉग होममध्ये कुठलीही वस्तू बसवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : ही जमिनीवर उभी आहे की ओंडक्यांना लटकली आहे? टाइलच्या कडेचे बहुतेक घोळ या दोघांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

या मोठ्या उतारासोबत एक छोटी हालचालही असते आणि ती कधीच थांबत नाही. कोकणात जून लागला की दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर मोकळं होतं, तेच इथे उलट्या ऋतूत होतं. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांवर टिकली तर लाकूड ६ टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं, ५० टक्क्यांवर ते ९ टक्क्यांच्या आसपास असतं. एवढ्या फरकाने जाड ओंडकासुद्धा मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागेपुढे होतो. पंधरा वर्षं जुन्या घरातही ही हालचाल चालूच राहते.

आधी पेन्सिल, मग करवत

उपाय करण्यापूर्वी आपल्या घरात यातली कोणती हालचाल चालू आहे ते ठरवा. थंडी सुरू होण्याआधी पाणसळ लावून एक आडवी रेघ अशी ओढा की ती टाइलवरून सरळ शेजारच्या ओंडक्यावर जाईल. ओंडक्यावर डाग नको असेल तर दोन्हीकडे मास्किंग टेप लावून त्यावर ओढा आणि तारीख लिहा. जमिनीलगत एक, छातीच्या उंचीवर एक आणि छताजवळ एक अशा तीन रेघा पुरे.

वसंतात पाहा. ओंडक्यावरची रेघ टाइलवरच्या रेघेपेक्षा खाली गेली असेल आणि हा फरक वर जावं तसा वाढत असेल, तर घर अजून बसतं आहे. रेघा समोरासमोरच आहेत पण मधली फट रुंदावली आहे, तर ती फक्त ऋतूची हालचाल. ओळखीच्या एका घरी शॉवरशेजारच्या कोपऱ्यात अशी टेप लावली होती. हिवाळ्याअखेर खालच्या रेघा जेमतेम हललेल्या, छताजवळच्या रेघांमध्ये मात्र बोटाच्या रुंदीएवढा फरक. त्या कोपऱ्यातलं सिलिकॉन टाइलच्या कडेला अजून घट्ट होतं, ओंडक्याच्या बाजूने सुटलं होतं आणि सुटलेला पदर खालच्या दिशेने ताणला जाऊन दोऱ्यासारखा लोंबत होता. ओंडका कुठे गेला हे तो पदरच दाखवत होता. त्या घरातल्या वहिनींनी तोवर दुकानातून आणखी महाग सिलिकॉन आणून ठेवलं होतं, ते उघडूच नका असं मी त्यांना सांगितलं.

भेगेच्या आकारावरूनही बरंच कळतं. उभ्या कडेला तिरकं फाटलेलं सिलिकॉन म्हणजे ओंडके शेजारून खाली सरकले. वरच्या ओळीतल्या टाइल फुगून पुढे आल्या, ठोकल्यावर पोकळ वाजतात, तर वरून छत किंवा तुळई टेकली आहे. दोन ओंडक्यांमध्ये नवीन फट पडली आणि तिथून गार हवा येते, तर टाइलमागची स्टडची चौकट ओंडक्यांना घट्ट जखडलेली आहे आणि वरचे ओंडके तिच्यावर अडकून बसले आहेत. हे शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर. तिथे टाइल वाचवायचा विचार नंतर, आधी चौकट मोकळी करायची.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जमिनीची टाइल खोलीच्या मधोमध तडकली असेल, तर कडेशी तिचा काही संबंध नाही. अशा घरात मधल्या खांबांखाली किंवा वर स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी करता येणारे आधार, असतात. भिंती खाली येतात, खांब येत नाही, म्हणून तो जॅक वेळोवेळी फिरवून खांब उतरवावा लागतो. ते राहून गेलं की मजला खांबावर उंटाच्या पाठीसारखा उचलला जातो आणि टाइल फुटते. जॅक कुठे झाकलेले आहेत हे घर विकत घेतानाच विचारून घ्यावं.

टाइलमागची चौकट

टाइल थेट ओंडक्यांवर लावू नये, ओंडक्यांवर सिमेंट बोर्ड ठोकूनही लावू नये. आठ-नऊ ओंडक्यांवर स्क्रू केलेला बोर्ड प्रत्येक ओंडका वेगवेगळा खाली ओढतो. हे ज्यांनी केलं आहे त्यांच्यासाठी कडेचा उपाय नाही, ती भिंत उतरवावी लागते.

योग्य रचना अशी : ओंडक्यांपुढे स्टडची चौकट जमिनीवर उभी करायची. तिची वरची पट्टी छतापासून पूर्ण उताराएवढी खाली. चौकट कलंडू नये म्हणून ती ओंडक्यांना धरून ठेवावी लागते, पण जखडून नाही. स्टडमध्ये उभी लांबट खाच पाडायची, तिच्यातून वॉशरसह लॅग स्क्रू, म्हणजे लाकडात बसणारा जाड लांब स्क्रू, ओंडक्यात जातो. इथे एक बारकावा बरेच जण चुकवतात. स्क्रू ओंडक्यासोबत खाली जाणार आहे, म्हणून सुरुवातीला तो खाचेच्या वरच्या टोकाला हवा. मधोमध बसवला तर निम्मी जागा वाया, तळाशी बसवला तर पहिल्याच दिवशी अडकला. खाचेची लांबी उंचीप्रमाणे बदलते : ४ फुटांवर ३ इंच, ७ फुटांवर सव्वापाच इंच. स्क्रू वॉशर टेकेपर्यंतच आवळायचा. चौकट बंद करण्याआधी या स्क्रूंचे फोटो काढून ठेवा, पाच वर्षांनी त्यांचाच आधार होतो.

नवीन घर बांधत असाल तर बाथरूमला स्वतःचं वेगळं छत द्या. चारही चौकटी आणि त्यांच्यावरच टेकलेलं हलकं छत, आणि त्या छताच्या वर तुळयांपर्यंत रिकामी जागा. घर उतरत राहतं, खोलीच्या आत काही दिसत नाही, टाइल थेट छतापर्यंत नेता येते. मात्र वर जाणारा पाइप आणि पंख्याची नळी लवचिक किंवा सरकत्या सांध्याची हवी. ओंडक्यांचं सौंदर्य बाथरूममध्ये दिसलंच पाहिजे असा हट्ट असेल तर एका कोरड्या भिंतीपुरता ठेवा. शॉवरच्या तिन्ही बाजू चौकटीच्या आणि मागे सलग वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा), यात तडजोड नको. ओंडक्यांना वरच्या अंगाला भेगा असतात, त्यात शिरलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही.

वरची कड

वेगळं छत नसेल तर टाइलच्या वर फट सोडावीच लागते, आणि ८ फुटांच्या भिंतीला ती ६ इंच असते. ती झाकायला लाकडी फळी वर तुळईला किंवा छताला बसवतात, टाइलच्या पुढून खाली लोंबणारी. पहिल्या दिवशी ती फट झाकून टाइलवर इंचभर तरी उतरलेली हवी. फळी टाइलला टेकू द्यायची नाही, कागदाची घडी सरकेल एवढं अंतर ठेवायचं, नाहीतर उतरताना टाइलवर ओरखडे पडतात.

पुढचा विचार आधी करा. ही फळी पाच वर्षांनी टाइलवर सहा-सात इंच खाली आलेली असेल. त्या पट्ट्यात आरसा, दिवा, कोनाडा, नक्षीची ओळ काहीही नको. आरशाच्या वरच्या कडेवर फळी टेकून आरसा तडकतो.

टाइलची स्वतःची वरची ओळ फळीमागे असली तरी नीट संपवा. धातूची एल आकाराची प्रोफाइल टाइलखालच्या सिमेंटमध्ये दाबून बसवावी किंवा गोल कडेची टाइल घ्यावी. प्रोफाइलचा पाय ओंडक्याला किंवा तुळईला स्क्रू करायचा नाही.

बाजूची उभी कड

हे सगळ्यात अवघड, कारण ओंडके गोल असतात. सुताराचा पहिला विचार असा की पट्टी ओंडक्यांच्या आकाराबरहुकूम कापावी, फुगवट्याला खळगा आणि खळग्याला फुगवटा. ती बसवल्यावर फार सुंदर दिसते. पण ४ फुटांच्या उंचीवरचा ओंडका ३ इंच खाली येणार आहे. आज पट्टीच्या खळग्यासमोर असलेलं ओंडक्याचं पोट उद्या तिच्या फुगवट्यावर येऊन दाबणार, आणि पट्टी टाइलवर रेटली जाणार. त्यामुळे अशी कोरलेली पट्टी घर बसून झाल्यावरच करावी. पेन्सिलच्या रेघा एक-दोन हिवाळे जागच्या जागी राहिल्या, मग सुताराला बोलवा.

घर अजून बसत असेल तर ओंडक्यांच्या भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत सरळ उभी खाच पाडणं हा माझ्या मते एकमेव खात्रीचा मार्ग. टाइल, बोर्ड आणि स्टडची कड त्या खाचेत शिरते. खाचेची रुंदी त्या सगळ्या जाडीपेक्षा थोडी जास्त, आणि खोली इतकी की सगळ्यात आत गेलेल्या सांध्यापाशीसुद्धा टाइल पाऊण इंच तरी आत राहील. ओंडके खाचेसकट खाली येतात, टाइल जागच्या जागी, आणि बाहेरून फक्त लाकडात शिरलेली टाइल दिसते. पट्टीच लागत नाही. हे काम बांधतानाच करून घेतलेलं बरं. राहत्या घरात चेनसॉने खाच पाडणं म्हणजे भुशाचा डोंगर, आणि मोठा धोका विजेचा : ओंडक्यांना भोकं पाडून त्यातून तारा नेलेल्या असतात. नकाशा हातात असल्याशिवाय कापू देऊ नका.

खाच शक्य नसेल तर तडजोड अशी : टाइल ओंडक्याच्या सगळ्यात पुढे आलेल्या पोटापासून पाव इंच अलीकडे सरळ रेषेत प्रोफाइल लावून संपवायची. ओंडक्यांच्या खळग्यांपाशी मागे पोकळी दिसेल. तिथे लाकडाच्या रंगाची जाड लोकरी पट्टी किंवा मऊ फोम सैल बसवायचा, चिकटवायचा नाही. घर बसेपर्यंत एवढं साधं दिसलं तरी चालवून घ्या, तिथे काही फुटत तरी नाही. ज्यांचे ओंडके आतून सपाट रंधलेले आहेत ते नशीबवान, त्यांना साधी सरळ पट्टी टाइलच्या बाजूला बसवून पुरते.

कमरेएवढ्या उंचीची टाइल असेल तर तिच्या डोक्यावरच्या फळीलाही हाच नियम. ती दोन ओंडक्यांच्या खळग्यात घुसवून बसवली असेल तर वरच्या ओंडक्याचं पोट खाली येऊन तिच्यावर बसतं आणि पहिली ओळ उखडते. चौकटच पोटांच्या रेषेच्या पुढे उभी करा आणि फळी ओंडक्यांना न शिवता चौकटीवर ठेवा.

ओट्यामागची टाइल

माझ्या पाहण्यात स्वयंपाकघराचं नुकसान सगळ्यात जास्त होतं, आणि तिथे कारण सहसा टाइल नसतेच. खालची कपाटं आणि ओटा जमिनीवर उभा, उंची ३६ इंच. वरची कपाटं ओंडक्यांना लटकवलेली, ५४ इंचांपासून ८४ इंचांपर्यंत. मधल्या १८ इंचांत टाइल. आता हिशोब करा. ७ फुटांवर स्क्रू केलेलं कपाट ओल्या ओंडक्यांच्या घरात सव्वापाच इंच खाली येऊ पाहतं आणि ओटा तिथेच. टाइल मध्ये चिरडली जाते. कपाटाचे वरचे आणि खालचे स्क्रू वेगवेगळ्या ओंडक्यांत असतील तर त्यांच्यातलं अंतरही कमी होत जातं, आणि कपाटाची पाठ फाटते किंवा ओंडके कपाटावर अडकतात. अशा ठिकाणी ओट्याच्या सांध्यात कितीही लवचिक सिलिकॉन भरलं तरी काय उपयोग?

उपाय म्हणजे सगळ्यांना एका बाजूला आणणं. ओट्याच्या मागे जमिनीपासून वरच्या कपाटांच्या माथ्यापर्यंत एकच चौकट उभी करा, वर सांगितलेल्या लांबट खाचांच्या स्क्रूंनी धरलेली. खालची कपाटं, वरची कपाटं आणि टाइल तिन्ही तिलाच बसवा. मग त्यांच्यातलं अंतर बदलत नाही आणि ओट्यावरचा सांधा कुठल्याही घरासारखा साध्या सिलिकॉनने भरता येतो. चौकटीमुळे ओटा चार इंच पुढे येतो, ती जागा द्यावी लागते.

सिंकसमोर खिडकी असेल तर आणखी एक गोष्ट. खिडकी खालच्या ओंडक्यावर बसलेली असते, म्हणून तीही खाली येते. तिचा उंबरा ४२ इंचांवर असेल तर अडीच इंचांहून थोडं जास्त. ओटा ते उंबरा हे सहा इंचांचं अंतर तेवढं कमी होणार. म्हणून टाइल उंबऱ्याला टेकवायची नाही. खाली उताराएवढी फट सोडून ती खिडकीलाच बसवलेल्या पट्टीने झाका, आणि वरची पट्टी आधीच तेवढी रुंद घ्या, कारण तिथे फट बंद न होता उघडत जाते. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्याही खिडकीलाच बसवायच्या, टाइलवरून सरकणाऱ्या.

जमिनीच्या टाइलचं काम त्यामानाने सोपं आहे. ओंडक्यापासून पाव ते तीन अष्टमांश इंच अंतर सोडा आणि सांधा मऊ ठेवा. स्कर्टिंग ओंडक्याला बसवत असाल तर ती जमिनीच्या टाइलपासून पाव इंच उचलून धरा, तळाकडचा ओंडकाही तेवढा उतरतो.

सिलिकॉन कुठे चालतं

सीलंट, म्हणजे सिलिकॉनसारखं सांधा भरायचं लवचिक द्रव्य, वाईट नाही, त्याच्याकडून नको ते काम मागितलं जातं. चांगल्या सीलंटवर २५ किंवा ५० टक्के हालचालीची क्षमता लिहिलेली असते, ती सांध्याच्या रुंदीची. तीन अष्टमांश इंचांचा सांधा आणि ५० टक्क्यांचं सीलंट घेतलं, तर एक बाजू खाली सरकताना ते फार तर चार दशांश इंच सहन करेल. भिंतीच्या मध्यावर उतार ३ इंच. पैसे वाढवून हे अंतर भरून निघत नाही. ओंडक्यांमधल्या सांध्यांना वापरतात ते लवचिक चिंकिंगही इथे तेवढंच हतबल.

पण घर बसून झाल्यावर उरते ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरची ऋतूची हालचाल, आणि ती सीलंट छान झेलतं. तेव्हा जुनं सिलिकॉन पूर्ण काढा. पातळ थर उरला तरी त्यावर नवं चिकटत नाही. मग बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, सांध्यात दाबा, जेणेकरून सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटेल, तळाला नाही. तळाला चिकटलं की ते ताणलं जात नाही आणि फाटतं. रुंदीच्या निम्मी खोली ठेवा. ओंडक्याला तेल किंवा मेण लावलं असेल तर तेवढी पट्टी आधी साफ करा. आणि हे काम हिवाळ्याच्या शेवटी करा, फट सगळ्यात रुंद असते तेव्हा. उन्हाळ्यात भरलेला अरुंद सांधा जानेवारीत त्याच्या ताकदीबाहेर ताणला जातो. घरात ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास राखली तर ताण आणखी कमी होतो, मात्र काचांवर पाणी साचायला लागलं तर ती थोडी उतरवा.

इपॉक्सी ग्राउटचा सल्ला बरेच जण देतात. टाइल-टाइलमधल्या सांध्यांसाठी ते उत्तम. ओंडक्याच्या कडेला ते अजिबात वापरू नका. साधं ग्राउट स्वतः फुटून टाइल वाचवतं, इपॉक्सी फुटत नाही, मग टाइल फुटते.

आधीच लावलेली टाइल असेल तर

सगळं उखडायची गरज क्वचित पडते. पहिलं काम म्हणजे कड मोकळी करणं. ऑसिलेटिंग टूलने (पातं झपाट्याने डावी-उजवीकडे हलवून कापणाऱ्या विजेच्या हत्याराने) ग्राउट आणि सिलिकॉन कापून काढा, आणि टाइल व ओंडका या दोहोंना बसवलेल्या पट्टीचे खिळे किंवा स्क्रू एका बाजूने काढा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच तडकणं थांबतं. फट एक हिवाळा तशीच राहू द्या, बघवत नसेल तर सैल लोकरी पट्टी लावा. ओल्या जागी, शॉवरपाशी, हे चालणार नाही. तिथे मागे मेम्ब्रेन सलग आहे का हे आधी तपासा, नसेल तर तेवढा भाग उघडावाच लागेल. वरची ओळ छताला टेकली असेल तर ती ओळ आणि मागचा बोर्ड कापून काढा. ताण मोकळा होताना टाइल उडते, डोळ्यांवर चष्मा हवाच. त्या जागी फळी येईल. फक्त चौकट ओंडक्यांना जखडलेली निघाली, तर टाइलच्या मागून, शेजारच्या खोलीच्या बाजूने, स्क्रूंपर्यंत पोचता येतं का ते आधी पाहा. अनेकदा टाइल न काढता काम होतं.

टाइलच्या कडेबरोबर दारं-खिडक्याही घट्ट होऊ लागल्या असतील, तर यातलं काहीच करू नका. दाराच्या वरची पट्टी काढून आत पाहा. तिथे चौकट आणि वरचा ओंडका यांच्यामध्ये रिकामी जागा असायला हवी, बहुतेक ठिकाणी तिच्यात मऊ लोकर भरलेली असते. ओंडका चौकटीवर टेकला असेल तर छपराचं वजन दारावर यायला लागलं आहे. अशा वेळी टाइलच्या मिस्त्रीला नाही, घर बांधणाऱ्याला किंवा लॉग होमचं काम करणाऱ्या सुताराला त्याच आठवड्यात बोलवा, आणि जॅक फिरवण्याचं कामही त्याच्याच देखरेखीखाली होऊ द्या.